उंबऱ्यावर थांबलेला धवळा

१९९१ च्या मे महिन्यात चामटोलीतल्या एका लग्नात नवरी घरातून मांडवात यायला निघाली असताना कॅसेटची पहिली बाजू संपली आणि धवळा मध्येच थांबला. नवरी उंबऱ्याच्या आत उभी होती. टेप-रेकॉर्डरचं बटण खाडकन वर आलं. तो आवाज कर्ण्यातून सगळ्या मांडवाने ऐकला.

कॅसेटवर गाणारी बाई अनुसयाबाई. बेंजो वाजवणारा त्यांचा धाकटा भाऊ दत्ता. दोघंही त्या मांडवात हजर होती. अनुसयाबाई मागे, बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या. त्यांना लग्नाला बोलावलं होतं, गायला बोलावलं नव्हतं. गायला कॅसेट होती.

धवळा हे त्या भागातलं लग्नाचं गाणं. भटजी मंत्र म्हणतो तशी धवळारीण धवळा म्हणते, आणि गावातल्या जुन्या बायकांच्या मते दोन्हींत जास्त महत्त्वाचं कोणतं हे ठरलेलं आहे. अनुसयाबाईंची आई चामटोलीची धवळारीण होती. तिच्याकडे तिचा असा एक लांब धवळा होता. लेक घराबाहेर पडताना तो म्हणायचा आणि सून घरात येतानाही तोच. त्याचा एक नियम होता. एकदा तोंडातून काढला की पोरीचं पाऊल उंबऱ्यापलीकडे पडेपर्यंत थांबायचं नाही. आई गेल्यावर धवळा आणि नियम दोन्ही अनुसयाबाईंकडे आले.

अंबरनाथला मी त्यांच्या शेजारच्या खोलीत राहत होतो. चाळ औद्योगिक वसाहतीच्या कडेला होती. अनुसयाबाई औषधाच्या गोळ्या पाकिटात भरणाऱ्या एका कारखान्यात कामाला होत्या. दत्ता लेथवर. अनुसयाबाईंचं सासर बदलापूरचं. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत वारला, आणि त्याच सुमारास आई गेली म्हणून त्या शाळकरी दत्ताला घेऊन अंबरनाथला आल्या, असं चाळीत सांगत. त्या स्वतः काही सांगत नसत. दत्ता त्यांना 'बाय' म्हणायचा. त्या त्याला चांगल्या मूडमध्ये 'दत्तू' म्हणायच्या आणि एरवी काहीच म्हणायच्या नाहीत. नुसतं "ऐकलास काय?" म्हटलं की चाळीतला कुणीही समजायचा की हे दत्तासाठी आहे.

अनुसयाबाई उंच, हाडकुळ्या होत्या. बोलताना आवाज खाली ठेवायच्या. गायच्या आधी, ते घरात का असेना, पाय धुवायच्या. गाताना डोळे मिटायच्या नाहीत. समोरच्याच्या तोंडाकडेही बघायच्या नाहीत. बघायच्या ते पायांकडे. याचं कारण त्यांनी एकदा सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. "पोरीचा पाय जसा चालल तसा धवला चालाचा. ती थांबली तर तीच ओल परत घ्याची. तिला घाई नाय कराची." मग थोडं थांबून म्हणाल्या, "चुलीवर भात ठेवला तर माणूस उठून गावाला जातो काय? तसाच हाय ता."

दत्ताचं सगळं उलट. तो बोलायचा भरपूर, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, आणि बोलताना बोटं मांडीवर वाजवत राहायचा. त्याचा बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर तारा आणि वर टाइपरायटरसारखी बटणं. लग्नांच्या वरातीत वाजतो तो. त्यातली तीन बटणं त्याने कारखान्यात स्वतः कातून बसवली होती. कारखान्याचा भोंगा कुठल्या पट्टीत आहे हे तो सांगायचा. एका सकाळी पाण्याच्या रांगेत उभा असताना म्हणाला, "पेपरवाले, आज भोंगा अर्धा सूर उतरलाय. हवा कमी आहे वाटतं आत." मी वर्तमानपत्रात होतो म्हणून तो मला 'पेपरवाले' म्हणत असे. दुपारी कळलं की कंप्रेसर बिघडला होता.

दोघं एकत्र गायची ती आधी फक्त घरात. जेवणानंतर दत्ता बेंजो मांडीवर घ्यायचा आणि आईचे धवळे संथ लयीत वाजवायचा. वरातीतल्या बेंजोची घाई त्यात नसायची. अनुसयाबाई भांडी घासता घासता ओळ उचलायच्या. मग त्यांनी नव्या ओळी घालायला सुरुवात केली. नळाला पाणी न आलेल्या दिवसावर, चिमणीच्या धुरावर, पाळी संपवून परतणाऱ्या बायकांवर. चाल जुनी, शब्द त्यांचे. त्यांच्या दारासमोर बायका बसायला लागल्या, आणि दत्ताच्या डोक्यात कॅसेट आली.

अनुसयाबाईंचा विरोध नव्या गाण्यांना नव्हता, धवळ्याला होता. "नलाचा गाना घाल. चिमनीचा घाल. आयचा धवला कशाला?"

"बाय, तुझ्यामागे कोन म्हणनार हा? तुला पोर नाय. मला म्हणता येत नाय, मी पुरुष. कॅसेटमध्ये राहील तरी."

"आनि मधीच थांबला तर?"

"नाय थांबनार. पूर्ण भरू. माझी गॅरंटी."

"तुझी गॅरंटी," अनुसयाबाई म्हणाल्या, "लायटीसारखी. हाय तवर हाय."

पण त्या तयार झाल्या. अट एकच होती. धवळा पूर्ण आला पाहिजे, पहिल्या ओळीपासून उंबऱ्याच्या ओळीपर्यंत आणि तिच्या पुढे, एकसलग.

ध्वनिमुद्रण त्यांच्याच खोलीत झालं. वसाहतीची सुट्टी शुक्रवारी असायची. त्या दिवशी यंत्रं बंद असत. दत्ताने माइक कपड्यांच्या दोरीला टांगला, त्याला मोजा घातला. चाळीत सगळ्यांना ताकीद दिली. तरीही आमच्या कुकरची एक शिट्टी त्या कॅसेटवर आहे.

पहिल्या शुक्रवारी अनुसयाबाईंना धवळा म्हणताच येईना. दोन ओळींनंतर लय हलायची. दत्ता वैतागला. "बाय, हजार वेळा म्हटलंस तू."

"पाय कुठे हायेत? कोनाचा बघू?"

दत्ताने डोक्यावरून चादर घेतली आणि नवरी होऊन मोरीपासून दारापर्यंत चालून दाखवलं. खिडकीतून बघणाऱ्या बायका हसून खाली बसल्या. पण दत्ता चालला तर बेंजो कोण वाजवणार? शेवटी त्याने तोडगा काढला. अनुसयाबाईंच्या चपला दाराबाहेरून आत आणल्या, धुतल्या, जमिनीवर ठेवल्या. स्वतः दाराशी ओढलेल्या खाटेच्या कडेवर बेंजो घेऊन बसला आणि वाजवता वाजवता पायाच्या अंगठ्याने चपला एक-एक करून पुढे ढकलायला लागला. उजवी, मग डावी. अनुसयाबाई चपलांकडे बघत गायल्या. चपला उंबऱ्यापर्यंत आल्या, थांबल्या, पलीकडे गेल्या. धवळा पूर्ण झाला. तो दीड तासाच्या कॅसेटवर भरला होता आणि एका बाजूवर अख्खा बसला होता.

कॅसेटच्या प्रती उल्हासनगरला काढून मिळत. दत्ता ज्या सिंधी दुकानदाराकडे गेला त्याला सगळे लछूशेठ म्हणत. दुकान चिंचोळं, एका भिंतीला प्रती काढणारी यंत्रं. त्या दिवशी मी दत्ताबरोबर होतो. लछूशेठने सगळा धवळा ऐकला. मध्येच चहा मागवला, चहा आला, चहा संपला.

"साईं," तो म्हणाला, "तुम्हारी दीदी का गाना तो मालगाडी है. फाटक पे खडे रहो बस."

"पूरा चाहिए, शेठ."

"पूरा चाहिए तो दीड घंटेवाली लेनी पडेगी. उसका फीता पतला. मंडपवाल्याच्या मशीनमध्ये गर्मीत अडकतंय, मग गाली मेरेको. एक घंटेवाली घे. दो-चार डब्बे काट दो बीच के."

"काटेंगे तो वो मेरेको काटेगी."

"तो मत काटो. आधा इस साइड, आधा उस साइड. लोग पलटी कर लेंगे. हाथ नहीं है क्या लोगों को?"

दत्ताने भिंतीवरच्या यंत्रांकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "चालेल."

घरी त्याने बहिणीला छापलेलं वेष्टन दाखवलं. त्यावर त्यांचं नाव होतं. ते त्यांनी पदराने पुसून देवाजवळ ठेवलं. विकायची कॅसेट त्यांनी लावून ऐकली नाही. त्यांच्याकडे मूळची होती, पूर्ण.

कॅसेट चालली. बदलापूरच्या बाजारात, आसपासच्या जत्रांत, उल्हासनगरच्या हातगाड्यांवर. कुठल्याही कंपनीचं नाव नसलेली, एका खोलीत भरलेली कॅसेट रिक्षांत वाजायला लागली. नळाचं गाणं जास्त चाललं. पण गावांतून मागणी यायची ती धवळ्यासाठी. दत्ता खूश होता. अनुसयाबाईंच्या एक गोष्ट लक्षात आली, ती त्यांनी पाण्याच्या रांगेत माझ्या बायकोला सांगितली. त्या वर्षी लग्नं नेहमीइतकीच होती. त्यांना नारळ मात्र कमी आले.

धवळारणीला बोलावणं म्हणजे नारळ. घरच्या कर्त्या माणसाने नारळ घेऊन तिच्या दारात जायचं, तिने तो घेतला की ती येणार. चामटोलीच्या त्या लग्नाचा नारळ आला नव्हता. आली ती छापील पत्रिका.

मांडवात कॅसेट थांबली तेव्हाची ओळ अशी होती:

लेक माझी आली गो उंबऱ्यावरी.

पुढची ओळ कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला होती. मंडपवाला जेवायला बसला होता. कुणीतरी त्याला हाका मारायला लागलं. नवरीच्या आजीने नवरीचा दंड पकडला आणि म्हणाली, "पाय उचलू नको." नवरीने पाय उचलला नाही. तिच्या कपाळावरचा घाम मुंडावळ्यांत उतरत होता. बायका एकमेकींकडे बघत होत्या. दत्ता उठला, टेप-रेकॉर्डरच्या दिशेने निघाला.

त्याच्या आधी अनुसयाबाई उभ्या राहिल्या. हातातल्या पेल्यातलं पाणी त्यांनी पायांवर ओतलं. बायकांमधून वाट काढत पुढे आल्या, नवरीच्या पायांकडे बघितलं आणि थांबलेली ओळ परत घेतली. मग पुढची घेतली, उंबऱ्याला वाट सोड म्हणणारी:

उंबऱ्या रे भावा, सोर वाट बहिनीची.

नवरी बाहेर आली. धवळा त्यांनी शेवटपर्यंत म्हटला. मग त्या मांडवाच्या मागे गेल्या. दत्ता मागोमाग गेला. दत्ताबरोबर लग्नाला आलेला मी तिथेच पाण्याच्या पिंपाजवळ उभा होतो. दोघांनी मला पाहिलं, पण थांबली नाहीत.

"कोनी कापला?"

"कापला नाय, बाय. पलटायची होती. त्यांनी पलटली नाय."

"पोरीला सांगाचा काय, थांब, कॅसेट पलटी करतो?"

"चूक मंडपवाल्याची..."

"तुला ठावा होता?"

दत्ताने मांडवाकडे वळून पाहिलं.

"मी काय विचारते? अर्धा हाय ता तुला ठावा होता?"

"होता."

"आयचा धवला तू उंबऱ्यावर टाकून आलास," अनुसयाबाई म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच खाली होता. "आनि माझे तोंडातून."

त्या चालत मुख्य रस्त्यापर्यंत गेल्या. दत्ताने हाक मारली नाही.

त्या लग्नातली नवरी वर्ष संपायच्या आत माहेरी परत आली. नवऱ्याचा कारखाना बंद पडला होता आणि सासरी खाणारी तोंडं जास्त होती. याचा धवळ्याशी संबंध नाही. चामटोलीच्या बायकांनी तो जोडला. जोड दिलेला धवळा, असं त्या म्हणत. गाणं पूर्ण झालं हे कुणी नाकारत नव्हतं. मध्ये थांबलं हेही कुणी विसरत नव्हतं. गावातून अनुसयाबाईंना नारळ येणं बंद झालं. थोड्या दिवसांनी त्यांनी अंबरनाथची खोली सोडली आणि बदलापूरला सासरच्या घरी राहायला गेल्या. कामावर येत होत्या, बसने. चाळीत येत नव्हत्या.

दत्ताने बेंजो खुंटीला लावला. लछूशेठला जाऊन सांगितलं की प्रती काढणं थांबव. लछूशेठ म्हणाला, "साईं, मैं थांबवतो. बाजार कौन थांबवेल?" दत्ता हातगाड्यांवर कॅसेट दिसली की विकत घ्यायचा आणि घरी आणून फीता ओढून काढायचा. खाटेखाली त्या फित्यांचा गुंता साठला होता. एकदा मी विचारलं, किती आणणार असे? तो म्हणाला, "जितनी दिखेंगी." तो दोनदा बदलापूरला जाऊन आला. दोन्ही वेळा अनुसयाबाईंनी जेवायला वाढलं आणि एकही शब्द बोलल्या नाहीत. "मारलं असतं तर बरं होतं," तो म्हणाला. "वाढते काय."

१९९४ मध्ये दत्ताचं लग्न ठरलं. मुलगी कर्जतकडची. गावच्या घरात सून आणायची म्हणजे धवळा पाहिजे, आणि तो त्याच्याच आईचा पाहिजे. धवळारीण एकच होती. नारळ घेऊन जायचा घरच्या कर्त्याने. वडील नव्हते, थोरला भाऊ नव्हता. नवरदेव स्वतः नारळ घेऊन बदलापूरला गेला. काय झालं ते त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

अनुसयाबाई तांदूळ निवडत होत्या. त्याने नारळ पुढे ठेवला.

"कोनाचा लगीन?"

"माझा."

"कॅसेट हाय ना."

त्याने नारळ अजून पुढे सरकवला. सूप बाजूला सारून त्यांनी नारळ उचलला, कानाशी धरून हलवला, परत ठेवला. "पानी हाय," म्हणाल्या, आणि सूप पुढे ओढलं.

"पेपरवाले," दत्ता मला म्हणाला, "तुम्ही शिकलेले. पानी हाय म्हंजे काय समजायचं? येनार की नाय?"



लग्न लावून वऱ्हाड दुपारी चामटोलीला परतलं. घराच्या दारात नवरी उंबऱ्याबाहेर उभी राहिली, शेजारी दत्ता. माप भरून ठेवलेलं होतं. गावातल्या बायका जमल्या होत्या, आजी धरून, जिने तीन वर्षांपूर्वी 'पाय उचलू नको' म्हटलं होतं. अनुसयाबाई नव्हत्या. लग्नातही नव्हत्या. वेळ जात होता. नवरीकडची माणसं कुजबुजायला लागली. एक बाई मोठ्याने म्हणाली, "भाऊ नवरा नि बहिनीचा पत्ता नाय." कर्ण्याजवळून मंडपवाल्याने विचारलं, "दत्ताभाऊ, कॅसेट आहे माझ्याकडे. लावू काय?"

"हात लावलास तर बघ," दत्ता म्हणाला. मुंडावळ्या बांधलेला माणूस ओरडला म्हणून सगळे गप्प झाले.

अनुसयाबाई मागच्या दाराने आत आलेल्या होत्या. केव्हा, ते कुणी पाहिलं नव्हतं. घराच्या आतून, उंबऱ्याच्या दुसऱ्या बाजूने त्या पुढे आल्या. पाय ओले होते. त्यांनी भावाकडे पाहिलं नाही. नवरीच्या पायांकडे पाहिलं आणि धवळा सुरू केला.

त्या दिवशी तो फार संथ म्हटला गेला. बायका ओळ झेलून मागून म्हणत होत्या, आधी दोघी-तिघी, मग सगळ्या. 'आली गो उंबऱ्यावरी' या ओळीला नवरी घाबरून थांबली. तिला कुणीतरी सगळी हकीकत सांगितली असावी. अनुसयाबाईंनी ओळ परत घेतली. नवरी हलली नाही. त्यांनी तिसऱ्यांदा घेतली. मांडवात कुणी हलत नव्हतं. आजी पुढे वाकली होती. अनुसयाबाईंनी चौथ्यांदा तीच ओळ घेतली, घाई न करता. मग पहिल्यांदा मान वर केली आणि दत्ताकडे बघून पुढची ओळ म्हटली:

उंबऱ्या रे भावा, सोर वाट बहिनीची.

पुरुष धवळ्याची ओळ झेलत नाहीत. दत्ताने झेलली. त्याचा सूर बरोबर होता, आवाज नव्हता. नवरीने माप ओलांडलं.

अनुसयाबाईंनी धवळा पूर्ण केला, जेवल्या, आणि संध्याकाळी बदलापूरला निघून गेल्या. दत्ताशी बोलल्या नाहीत. त्या हंगामात चामटोलीतून त्यांना दोन नारळ गेले. त्यातला एक त्या आजीच्या घरचा होता.

पुढच्या वर्षी मी अंबरनाथ सोडलं. सामान हलवलं तो शुक्रवार होता, कारखाने बंद. दुपारी शेवटची पेटी उचलताना शेजारच्या खोलीतून बेंजो ऐकू आला. संथ. मग अनुसयाबाईंचा आवाज आला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा या चाळीत. नवी ओळ होती, आधी न ऐकलेली. तीन-चार शब्दांनंतर ती थांबली आणि आतून "ऐकलास काय? परत घे," असं ऐकू आलं.

मी दारावरून गेलो. दार अर्धं उघडं होतं. टेप-रेकॉर्डर बाहेर ओट्यावर ठेवलेला होता, त्यात कॅसेट नव्हती. अनुसयाबाईंच्या चपला दाराबाहेर नव्हत्या. त्या आत जमिनीवर होत्या, धुतलेल्या, उंबऱ्याच्या दिशेने.